अपघातस्थळ सोडून जाणे : एक कबुली, एक न्यायालयीन अहवाल आणि 'ब्लॅक वॉटर'

प्रास्ताविक

अपघात करणे आणि अपघाताच्या जागेवरून निघून जाणे हे कायद्याच्या दृष्टीने दोन निरनिराळे अपराध आहेत. पहिला बहुधा निष्काळजीपणातून घडतो. दुसऱ्यात निर्णयाचा अंश असतो. पहिला क्षणार्धात संपतो. दुसरा मात्र चालक परतेपर्यंत किंवा खबर देईपर्यंत चालूच राहतो. साहित्याच्या अभ्यासकाला हा दुसरा अपराध अधिक विचार करण्याजोगा वाटतो तो याच कारणाने. त्यात काळ आहे, आणि निघून गेलेल्या माणसाला त्या काळाचा हिशेब कधी ना कधी शब्दांत द्यावा लागतो. हा हिशेब कोणत्या भाषेत दिला जातो, त्यातून काय गळते आणि गळलेले पुढे कोण भरून काढते, याचा विचार एका प्रसिद्ध घटनेच्या आधारे प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

ही घटना अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात घडली. १८ जुलै १९६९ च्या रात्री सिनेटर एडवर्ड केनेडी यांची ओल्ड्समोबिल गाडी चॅपाक्विडिक बेटावरील डाइक पूल या कठडा नसलेल्या अरुंद लाकडी पुलावरून पाण्यात उलटली. केनेडी बाहेर पडले. त्यांच्यासोबत असलेली मेरी जो कोपेक्नी ही अठ्ठावीस वर्षांची तरुणी आत राहिली आणि मरण पावली. केनेडींनी पोलिसांना खबर दिली ती सुमारे दहा तासांनी, दुसऱ्या दिवशी सकाळी. तोवर बेटावर मासे पकडायला आलेल्या दोघांना ती गाडी दिसली होती आणि पाणबुड्याने मृतदेह बाहेर काढला होता. २५ जुलै रोजी केनेडींनी एडगरटाउनच्या न्यायालयात, शारीरिक इजा होईल असा अपघात करून अपघातस्थळ सोडून गेल्याचा आरोप मान्य केला. त्यांना दोन महिन्यांचा कारावास झाला. परंतु तो स्थगित ठेवण्यात आला आणि एक वर्षाची परिवीक्षा लावण्यात आली. वाहन चालविण्याचा परवानाही निलंबित झाला. मे १९७० मध्ये राज्याच्या मोटार वाहन नोंदणी विभागाच्या सुनावणीनंतर ते निलंबन आणखी सहा महिन्यांनी वाढले. कारावास भोगावा न लागल्यामुळे शासनाने या गृहस्थांकडून प्रत्यक्ष काढून घेतलेली वस्तू म्हणून परवान्याकडेच बोट दाखवावे लागते. हे सहा महिने नोव्हेंबर १९७० पर्यंत जातात. त्याच नोव्हेंबरमध्ये मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी केनेडींना पुन्हा सिनेटवर निवडून दिले, आणि २००९ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते सिनेटर राहिले.

घटनेवर आजवर विपुल लिहिले गेले आहे आणि त्यातील बरेचसे कट-कारस्थानाच्या तर्कांत रमलेले आहे. त्या रात्री 'खरोखर काय घडले' याचा शोध घेण्याचे येथे प्रयोजन नाही. येथे पाहावयाच्या आहेत त्या या घटनेने निर्माण केलेल्या संहिता : पोलिसांना दिलेले निवेदन, दूरचित्रवाणीवरील भाषण, न्यायाधीशांचा चौकशी अहवाल, आणि तेवीस वर्षांनंतर जॉइस कॅरल ओट्स यांनी लिहिलेली 'ब्लॅक वॉटर' (१९९२) ही लघुकादंबरी.

निवेदनाचे व्याकरण

पहिली संहिता अगदी छोटी, जेमतेम पानभराची आहे. १९ जुलैच्या सकाळी एडगरटाउनच्या पोलीस ठाण्यात केनेडींनी ती तयार करून पोलीस प्रमुख डॉमिनिक अरेना यांच्या हाती दिली. तिचे व्याकरण लक्षपूर्वक पाहण्यासारखे आहे. गाडी चालवीत होतो, रस्ता अपरिचित होता, उजवीकडे वळलो, अशी सुरुवातीची वाक्ये प्रथमपुरुषी आणि कर्तरी आहेत. पूल येताच कर्ता बदलतो. पुलाच्या कडेवरून जाते ती गाडी. उलटते, बुडते आणि टपावर विसावते तीही गाडीच. चालक या वाक्यांमधून नाहीसा होतो आणि पाण्याच्या पृष्ठभागावर पुन्हा 'मी' म्हणून प्रकट होतो. तेथून पुढे हा 'मी' सतत काही ना काही करीत असतो : बुड्या मारतो, थकतो, चालत मित्रांकडे जातो, गाडीत मागच्या आसनावर बसतो, हॉटेलच्या खोलीवर परततो. वाचकाची सहानुभूती मागणारी सगळी क्रियापदे अपघाताच्या नंतरची आहेत.

असे वाक्य मराठी वाचकाला परके नाही. आपल्या वृत्तपत्रांत वर्षानुवर्षे 'अज्ञात वाहनाची धडक', 'भरधाव ट्रकने चिरडले' असेच छापून येते. तेथेही कर्ता वाहनच असते. चालकाचा उल्लेख शेवटच्या ओळीत येतो, आणि तोही बहुधा 'पसार' या एका विशेषणापुरता. आपल्या बोलण्यात तर याहून सूक्ष्म सोयी आहेत. 'मी केले' म्हणण्याऐवजी आपण 'माझ्या हातून घडले' म्हणतो. 'मी कळवले नाही' ऐवजी 'कळवायचे राहून गेले' म्हणतो. या 'राहून गेले'त कर्ता उरत नाही, उरते ती नुसती राहिलेली गोष्ट. अशा प्रयोगांत लबाडीच असते असे नाही. पुष्कळदा त्यांत खरी लाज असते. पण लाज आणि लपवणूक यांना भाषेने एकच वस्त्र दिले आहे, आणि अपघातस्थळ सोडून गेलेल्या माणसाचे निवेदन वाचताना अडचण येते ती नेमकी येथे.

या निवेदनात एक रिकामी जागा आहे. सोबत असलेल्या प्रवाशाचा उल्लेख 'मिस मेरी' असा असून आडनावाच्या ठिकाणी काहीच लिहिलेले नाही. ती आपले बंधू रॉबर्ट यांची पूर्वीची सचिव होती, एवढी ओळख मात्र दिली आहे. आडनावाचे स्पेलिंग ठाऊक नसल्याने जागा कोरी राहिली, असे याचे कारण सांगितले गेले. कारण अगदी साधे आहे आणि ते खरे असण्याचीच शक्यता अधिक. परंतु संहितेचे वाचन लेखकाच्या हेतूपाशी थांबत नाही. मृत व्यक्तीची ओळख येथे केनेडी कुटुंबाशी असलेल्या नात्यातून होते आणि तिचे स्वतःचे नाव अपुरे राहते, हे कागदावर दिसते. निवेदनाचे शेवटचे वाक्य त्याहून बोलके आहे. काय घडले हे पूर्णपणे उमगताच आपण तत्काळ पोलिसांशी संपर्क साधला, असे त्यात म्हटले आहे. 'तत्काळ' हा शब्द मोजला जातो तो अपघातापासून नव्हे, 'उमगण्या'पासून. दहा तासांचे अंतर एका क्रियाविशेषणात मिटवण्याची ही युक्ती कायद्याच्या कक्षेत कितपत टिकली असती कोण जाणे. वाक्य म्हणून ती विलक्षण परिणामकारक आहे.

भाषणातील आक्षेप

दुसरी संहिता २५ जुलैच्या संध्याकाळची. सकाळी न्यायालयात आरोप मान्य करून केनेडी त्याच दिवशी हायानिस पोर्ट येथील आपल्या वडिलांच्या घरातून दूरचित्रवाणीवर बोलले. थिओडोर सोरेन्सन यांच्यासारख्या कसलेल्या भाषणलेखकाचा हात या मजकुराला लागला होता, आणि ते जाणवते. (दुसऱ्या दिवशी, २६ जुलैला, मेरी जो कोपेक्नी एकोणतीस वर्षांची झाली असती. भाषणात याचा उल्लेख नाही.)

पोलिसांना दिलेल्या निवेदनात नसलेली दोन माणसे भाषणात अवतरतात. मावसभाऊ जोसेफ गार्गन आणि मित्र पॉल मार्कहॅम यांना आपण पुलाशी नेले आणि त्यांनीही बुड्या मारल्या, असे केनेडी सांगतात. पोलिसांना त्वरित कळवले नाही ही गोष्ट आपण असमर्थनीय मानतो, असेही ते स्पष्ट म्हणतात. हे वाक्य भाषणाचा कणा मानले जाते, आणि ते प्रामाणिक नाही असे म्हणण्यास आधार नाही. परंतु त्याच्या आजूबाजूला काय ठेवले आहे ते पाहावे. डॉक्टरांनी मेंदूला धक्का बसल्याचे सांगितले आहे, पण त्या आघाताचा आधार घेऊन जबाबदारी टाळण्याचा आपला विचार नाही, असे वक्ता सांगतो. जो आधार घ्यावयाचा नाही तो श्रोत्यांसमोर ठेवून मगच नाकारला जातो. संस्कृत साहित्यशास्त्रात ज्याला आक्षेप अलंकार म्हटले आहे त्याची जात हीच : सांगावयाच्या गोष्टीचा निषेध केल्यासारखे दाखवून ती अधिक ठसवणे.

त्यानंतर भाषणाचा सर्वांत चर्चिला गेलेला भाग येतो. त्या तासांतील आपले वर्तन आपल्यालाच अनाकलनीय वाटते, असे सांगून केनेडी मनात येऊन गेलेले विचार मांडतात : ती मुलगी आसपास कोठे तरी जिवंत असेल काय, साऱ्या केनेडी घराण्यावर खरोखरच काही शाप आहे काय, खबर देण्यास उशीर करण्याजोगे काही कारण आहे काय. भावाच्या दोन हत्या ज्या देशाने सहा वर्षांच्या आत पाहिल्या होत्या, त्या देशापुढे 'शाप' हा शब्द उच्चारला जात होता. तो शब्द येताच अपघात एका तरुणीच्या मृत्यूवरून सरकून एका घराण्याच्या शोकांतिकेत जाऊन बसतो. पाण्याखालचे दहा तास हॉटेलच्या खोलीतल्या दहा तासांनी झाकले जातात. भाषणाचा शेवट तर प्रश्नाचेच रूपांतर करतो. आपण सिनेटमध्ये राहावे की राजीनामा द्यावा याचा कौल वक्ता मॅसॅच्युसेट्सच्या जनतेकडे मागतो आणि धैर्याविषयीचा एक उतारा वाचतो. तो उतारा थोरले बंधू जॉन केनेडी यांच्या 'प्रोफाइल्स इन करेज' या पुस्तकातील आहे. अपघातस्थळ सोडण्याविषयीचे भाषण पद सोडण्याविषयीचे भाषण होऊन संपते.

दोन्ही ठिकाणी क्रियापद 'सोडणे' हेच आहे. राहायचे की जायचे हे ठरवण्याचा खरा प्रसंग पुलावर येऊन गेला होता. भाषणात तो सिनेटच्या संदर्भात पुन्हा उभा केला जातो, आणि या वेळी 'राहणे' हेच धैर्य ठरते. वक्तृत्व म्हणून याला दाद द्यावी लागते. टीकाकार म्हणून मात्र असे म्हणणे भाग आहे की मृत्यूविषयीच्या भाषणात मृत व्यक्तीच्या स्वभावाचे दोन-चार गौरवाचे शब्द वगळता तिच्या बाजूचे काहीच नाही.

न्यायाधीश : वाचक म्हणून

तिसरी संहिता न्यायाधीश जेम्स बॉयल यांच्या चौकशी अहवालाची. जुलै १९६९ मध्ये शिक्षा सुनावणारे न्यायाधीश तेच होते. त्या वेळी त्यांनी असा अभिप्राय दिला होता की, या न्यायालयाला जी शिक्षा देता येईल तिच्याहून कितीतरी मोठी शिक्षा आरोपी आधीच भोगत आहे आणि पुढेही भोगणार आहे. जानेवारी १९७० मध्ये मृत्यूची न्यायालयीन चौकशी बंद दाराआड झाली आणि एप्रिलमध्ये तिचे कामकाज प्रसिद्ध झाले. त्यातील बॉयल यांचा अहवाल वाचताना एखाद्या काटेकोर समीक्षकाने कठीण संहितेचे विश्लेषण करावे तसे वाटते. ते निवेदनातील वाक्ये भूगोलावर ठेवून पाहतात. फेरीबोटीकडे जाणारा रस्ता डांबरी आहे आणि तो डावीकडे वळतो. डाइक रोड कच्चा आहे. केनेडींना त्याच दिवशी आधी त्या पुलावरून समुद्रकिनाऱ्यावर नेण्यात आले होते. मेरी जोने आपली पर्स आणि खोलीची किल्ली पार्टीच्या घरीच ठेवली होती. एरवी चालकाकडून गाडी चालवून घेणाऱ्या केनेडींनी या वेळी त्याला सोबत घेतले नाही. यावरून बॉयल निष्कर्ष काढतात की दोघे फेरीबोटीकडे निघालेच नव्हते आणि उजवीकडचे वळण जाणूनबुजून घेतलेले होते. वाहन निष्काळजीपणे चालवले गेले आणि त्याने मृत्यूस हातभार लागला असे मानण्यास सबळ कारण आहे, असेही ते नोंदवतात. मात्र या निष्कर्षावरून अटकेचे वॉरंट त्यांनी काढले नाही.

ज्या निवेदनावर शिक्षा बेतली गेली त्यावर शिक्षा देणाऱ्याच न्यायाधीशाचा विश्वास बसला नाही, आणि हे कळले ते शिक्षेनंतर नऊ महिन्यांनी. मान्य झालेल्या आरोपाच्या शब्दांतही 'मृत्यू' नव्हता. 'शारीरिक इजा' होती. नोंदणी विभागाने मे १९७० मध्ये केनेडींना जो निर्णय कळवला त्याची भाषा दुहेरी नकाराची आहे : हा अपघात आपल्या गंभीर दोषावाचून घडला असे आढळून येऊ शकत नाही, अशा आशयाची. कार्यालयीन भाषेला आपण सगळेच हसतो. पण या साऱ्या कागदपत्रांत 'दोष' हा शब्द 'आपला' या सर्वनामाशी जोडून, अधिकाराने आणि प्रत्यक्ष परिणामासह, उच्चारणारे ठिकाण पाहू गेल्यास परवाना खात्याच्या या रूक्ष वाक्यापाशीच थांबावे लागते.

शासकीय मराठीत परवान्याला 'अनुज्ञप्ती' असा शब्द आहे. त्यात अनुज्ञा आहे : रस्ता सर्वांचा, आणि त्यावर यंत्र चालवण्याची सवलत समाजाने काही अटींवर दिलेली. थांबणे ही त्यांतील एक अट. आपला मोटार वाहन अधिनियम, १९८८ हेच मानतो. कलम १३४ नुसार अपघातात कोणी जखमी झाल्यास त्याला वैद्यकीय मदत मिळवून देणे आणि पोलिसांना कळवणे हे चालकाचे कर्तव्य आहे. जमावाच्या प्रक्षोभामुळे किंवा आपल्या आवाक्याबाहेरच्या कारणामुळे ते शक्य नसेल तर मदतीपुरता अपवाद आहे. हे कर्तव्य मोडल्याचे सिद्ध झाल्यास कलम २० नुसार न्यायालयाने चालकास परवाना धारण करण्यास किमान एक महिना अपात्र ठरवलेच पाहिजे. त्याच कलमात मद्यप्राशन करून वाहन चालविल्याबद्दलची किमान अपात्रता सहा महिन्यांची आहे. रक्तातील मद्य काही तासांत उतरते, हे लक्षात घेतले तर या दोन आकड्यांतील अंतर पळणाऱ्यास काय सुचवते ते वेगळे सांगावयास नको. चॅपाक्विडिकमध्येही केनेडींची मद्यचाचणी झाली नव्हती. दहा तासांनंतर तिला फारसा अर्थही उरला नसता. भारतीय न्याय संहितेतील कलम १०६ च्या दुसऱ्या पोटकलमात खबर न देता पळणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद झाली. जानेवारी २०२४ मध्ये त्याविरुद्ध ट्रकचालकांनी संप केला, आणि १ जुलै २०२४ रोजी संहिता अमलात आली तेव्हा तेवढे पोटकलम मागे ठेवण्यात आले. थांबलो तर जमाव मारील, ही चालकांची बाजू खोटी नव्हती. डाइक पुलावर मात्र जमाव नव्हता. थोड्या अंतरावर घरे होती.

'ब्लॅक वॉटर' : उरलेल्या व्यक्तीचा काळ

कायद्याच्या आणि वक्तृत्वाच्या संहितांनी जे बाहेर ठेवले तेथे ओट्स यांची लघुकादंबरी सुरू होते. मृतदेह काढणाऱ्या पाणबुड्याचे मत होते की गाडीत हवेचा कप्पा राहिला असावा आणि ती काही काळ जिवंत राहिली असावी. शवविच्छेदन झाले नाही, त्यामुळे हा प्रश्न कायमचा उघडा राहिला. ओट्स यांनी या उघड्या प्रश्नात आपले कथनकेंद्र ठेवले आहे. केली केलहर ही सव्वीस वर्षांची तरुणी बुडालेल्या गाडीत अडकलेली आहे, आणि जवळजवळ संपूर्ण निवेदन तिच्या जाणिवेतून होते. स्थळ मेन राज्यातील एका काल्पनिक बेटाचे, दिवस चार जुलैचा, काळ १९८८ च्या निवडणुकीनंतरचा. गाडी भाड्याची टोयोटा. राजकारण्याला नाव नाही. तो केवळ 'सिनेटर' आहे. पोलीस निवेदनात स्त्रीचे आडनाव कोरे होते. येथे पुरुषाचे सगळेच नाव कोरे आहे.

कादंबरीची रचना सरळ पुढे जात नाही. अपघात पहिल्याच पानावर घडतो आणि नंतर पुनःपुन्हा घडत राहतो. छोट्या छोट्या प्रकरणांतून केलीचे मन पार्टीकडे, बालपणाकडे, तिने लिहिलेल्या मृत्युदंडाविषयीच्या लेखाकडे जाऊन परत काळ्या पाण्याशी येते. पाणी फुप्फुसात शिरले आणि ती मेली, अशा आशयाचे वाक्य ध्रुवपदासारखे परतते, आणि दर वेळी पुढच्या परिच्छेदात ती अजून जिवंत असते. कीर्तनात ध्रुवपदाकडे परत येताना अर्थ दर फेरीला थोडा वाढतो. येथे दर फेरीला हवा थोडी कमी होते. या तंत्रामुळे वाचकाला दहा तासांची लांबी प्रथमच जाणवते. भाषणाने जो काळ 'मी'च्या गोंधळलेल्या मनःस्थितीत विरघळवला होता, तो येथे घोट घोट मोजला जातो.

कादंबरीतील सर्वांत जळजळीत तपशील एका बुटाचा आहे. सिनेटर बाहेर पडण्याच्या धडपडीत केलीच्या अंगावर पाय देऊन वर जातो. ती त्याचा पाय धरते, आणि बूट तिच्या हातात राहतो. ओट्स येथे कोणतेही भाष्य करीत नाहीत. तो मदत आणायला गेला आहे अशी केलीची खात्री आहे. तो येईल, तो येतो आहे, तो आला आहे, अशी ती सुटकेची दृश्ये एकामागून एक रचते. बचावाचे निवेदन या कादंबरीत दोघेही करतात, हे ध्यानात घ्यावयास हवे. सिनेटर दूरध्वनीवरून मित्राला सांगतो की मुलगी प्यालेली होती, तिनेच सुकाणूचक्राला हात घातला. केली मात्र स्वतःला सांगत राहते की तो चांगला माणूस आहे. त्याची कथा त्याला वाचवण्यासाठी आहे. तिची कथाही त्यालाच वाचवण्यासाठी आहे. रस्ता चुकल्याचे तिला अपघातापूर्वीच जाणवलेले असते, पण एवढ्या मोठ्या माणसाला तसे सांगताना ती संकोचते. सभ्य घरातल्या मुलीला शिकवलेला हा संकोच मराठी वाचकाला उलगडून सांगण्याची गरज पडू नये.

येथवर कादंबरीचे सामर्थ्य. तिची मर्यादाही स्पष्ट नोंदवली पाहिजे, कारण कौतुकाच्या भरात ती बहुधा सुटते. केली ही सिनेटरवर प्रबंध लिहिलेली, त्याच्या वलयाने दिपलेली, आपण 'निवडले गेलो' याने सुखावलेली तरुणी आहे. मेरी जो कोपेक्नी मात्र राजकारणात मुरलेली कार्यकर्ती होती. महाविद्यालयातून बाहेर पडल्यावर तिने अलाबामात शिकवण्याचे काम केले, सिनेटर स्मॅदर्स यांच्या आणि नंतर रॉबर्ट केनेडींच्या कार्यालयात नोकरी केली, आणि १९६८ च्या अध्यक्षीय मोहिमेत प्रतिनिधींच्या पाठिंब्याचा हिशेब ठेवणाऱ्या निवडक तरुणींमध्ये ती होती. त्या रात्रीची पार्टीही त्यांच्यासाठीच होती. दिपून जाण्याइतकी सत्ता तिला अपरिचित नव्हती. ओट्स यांना पाण्याखालचा काळ हवा होता, आणि त्यासाठी त्यांनी एक भाबडेपण घडवले. ते कलेच्या हक्काबाहेरचे आहे असे नाही. नावे, स्थळ आणि काळ बदलून त्यांनी हा हक्क उघडपणे बजावला आहे. परंतु कादंबरी वाचणाऱ्यांच्या मनात चॅपाक्विडिकच असते, आणि केलीचे भाबडेपण नकळत मेरी जोच्या खात्यावर जमा होते. दिपलेली मुलगी आणि दिपवणारा पुरुष ही जोडी सत्तेच्या कथांत इतकी रुळलेली आहे की कर्तबगार बाईला तिच्यात बसवताना तिचे काम सर्वांत आधी गळून पडते. काळ परत मिळवताना व्यक्ती हातची गेली, असे या कादंबरीविषयी म्हणावे लागते. शिवाय केलीचे दोष कादंबरी फार हळुवारपणे हाताळते, आणि सिनेटर मात्र शेवटी शेवटी व्यंगचित्राच्या जवळ जातो. दूरध्वनीवरच्या प्रसंगात त्याची भीती खरी वाटते; इतरत्र तो एक धिप्पाड, घामट, वखवखलेली आकृती आहे. घटनास्थळ सोडून जाणारा माणूस राक्षस असावा लागत नाही, ही गोष्ट केनेडींच्या त्या पानभर निवेदनातून ओट्स यांच्या सिनेटरपेक्षा अधिक भीतिदायक रीतीने प्रतीत होते.

जॉन करन यांच्या 'चॅपाक्विडिक' (२०१७) या चित्रपटाने खरी नावे वापरली आणि पाण्याखालची काही दृश्येही दाखवली. तरी त्याचा मुख्य रस पुरुषांच्या बैठकांत, भाषणाच्या मसुद्यांत आणि केनेडी घराण्यातील ताणांत आहे. चित्रपट संयत आहे आणि मुख्य अभिनय चांगला आहे. पण मेरी जोविषयी विचारले तर त्यातून मिळणारे उत्तर फार थोडे. तिला तेथे आडनाव आहे. तिने १९६८ च्या मोहिमेत नेमके कोणते काम केले, कोणाशी वाद घातले, जून १९६८ मध्ये रॉबर्ट केनेडींच्या हत्येनंतर राजकारणात राहावे की नाही याविषयी तिला काय वाटत होते, हे मात्र तेथेही वाऱ्यावर सोडलेल्या एक-दोन संवादांपुरतेच आहे.